श्रॅपनेल : शब्दामागचा तोफखाना अधिकारी

बॉम्बस्फोटातील जखमींच्या अंगात ‘श्रॅपनेल’, म्हणजे स्फोटातून उडालेल्या धातूच्या ठिकऱ्या, घुसल्याचे आपण बातम्यांत वाचतो. हे मुळात ब्रिटिश तोफखान्यातील एका अधिकाऱ्याचे आडनाव आहे. हेन्री श्रॅपनेल यांचा जन्म १७६१ साली इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन येथे झाला आणि १७७९ मध्ये ते रॉयल आर्टिलरीत अधिकारी म्हणून दाखल झाले.

त्या काळी शत्रूचे सैन्य जवळ आले की गोळ्यांनी भरलेला पत्र्याचा डबा तोफेतून डागत. तो तोफेच्या तोंडाशीच फुटत असल्याने सुमारे ३०० यार्डांपलीकडे त्याचा फारसा उपयोग नसे. श्रॅपनेल यांनी पोकळ लोखंडी गोळ्यात बंदुकीच्या गोळ्या आणि थोडी स्फोटक दारू भरली, आणि तो शत्रूच्या किंचित अलीकडे हवेतच फुटावा अशा बेताने त्याची वात ठेवली. दारूचे काम कवच फोडण्यापुरतेच होते. आतल्या गोळ्या पुढे झेपावत त्या तोफेने दिलेल्या वेगानेच. त्यांच्या कल्पनेचे सारे मर्म इथे आहे.

हे प्रयोग त्यांनी १७८४ पासून पदरचे पैसे घालून केले. १७८७ मध्ये जिब्राल्टरला प्रात्यक्षिक दाखवूनही सैन्याने हा गोळा स्वीकारला तो १८०३ मध्ये, आणि दरम्यान १७९३ च्या, फ्रान्सविरुद्धच्या फ्लँडर्स मोहिमेत ते स्वतः जखमी झाले होते. इतका विलंब खरोखर खटकतो, कारण स्वीकारानंतर वर्षभरातच हा गोळा दक्षिण अमेरिकेतील सुरिनाममध्ये वापरला गेला आणि १८०८ मध्ये पोर्तुगालातील व्हिमेरोच्या लढाईतही त्याने आपला प्रभाव दाखवला. १८१४ मध्ये त्यांना वार्षिक १,२०० पौंडांचे निवृत्तिवेतन मंजूर झाले. १८३७ मध्ये ते लेफ्टनंट जनरल झाले आणि १८४२ मध्ये साउदॅम्प्टन येथे वारले.

त्यांचे नाव या गोळ्याला अधिकृतपणे मिळाले ते मात्र मृत्यूनंतर, १८५२ मध्ये. आरंभीच्या गोळ्यात दारू आणि गोळ्या एकत्रच असल्याने घर्षणामुळे तो कधी कधी अवेळी फुटे. पुढे एडवर्ड बॉक्सर या ब्रिटिश तोफखाना अधिकाऱ्याने दोहोंमध्ये पडदा घालून हा दोष कमी केला. १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात ब्रिटिश १८ पौंडी (सुमारे १८ पौंड वजनाचा गोळा डागणाऱ्या) तोफा सुरुवातीला केवळ श्रॅपनेल गोळेच घेऊन फ्रान्समध्ये उतरल्या, परंतु खंदकांत दडलेल्या सैनिकांपुढे आणि मातीच्या तटबंदीपुढे त्यांचे फारसे चालेना. तीव्र स्फोटकांनी भरलेल्या गोळ्यांनी हळूहळू त्यांची जागा घेतली, आणि त्या गोळ्यांच्या फुटलेल्या कवचाच्या ठिकऱ्यांनाच लोक श्रॅपनेल म्हणू लागले.