सोन्याचा सर्वांत वरचा थर

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायानिमित्त देशभर गेलेल्या कारागिरांच्या हातची शुद्ध लगड मधोमध कापली, तर आतही सोने आणि बाहेरही सोनेच दिसते. मात्र सर्वांत बाहेरच्या थरातील अणू आतल्यासारखेच मांडलेले असतील, असे गृहीत धरता येत नाही. पृष्ठभागावरील अणूच्या एका बाजूचे शेजारी नाहीसे झालेले असतात आणि म्हणून तो पुष्कळदा आपली जागा बदलतो.

हे पाहणे कठीण असते, कारण एक सेंटिमीटर बाजूच्या घनात पृष्ठभागावरील अणूंचे प्रमाण साधारण कोटीत एक इतकेच असते. क्ष-किरण खोलवर शिरतात, त्यामुळे त्यांच्या नोंदीत आतल्या अणूंचाच प्रभाव राहतो. याउलट २० ते २०० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे मंद इलेक्ट्रॉन मोजके थर ओलांडतानाच ऊर्जा गमावतात. ऊर्जा न गमावता परतणारे इलेक्ट्रॉन जवळजवळ केवळ पृष्ठभागाचीच माहिती आणतात. शिवाय १५० इलेक्ट्रॉन व्होल्टला त्यांची तरंगलांबी सुमारे ०.१ नॅनोमीटर, म्हणजे अणूंमधील अंतराच्या तोडीची असते.

इलेक्ट्रॉन तरंगाप्रमाणे वागतात याचा प्रायोगिक पुरावा अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिसन आणि जर्मर यांना १९२७ मध्ये निकेलवर मिळाला. त्याआधी १९२५ मध्ये द्रवरूप हवेची बाटली फुटून त्यांची निर्वात नळी भंगली होती आणि निकेल गंजले होते. ते स्वच्छ करण्यासाठी दीर्घकाळ तापवल्यावर त्यात मोजके मोठे स्फटिक तयार झाले, आणि परतणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे वितरणच बदलून गेले. माझ्या मते ती घटना केवळ नशिबाची मानणे अन्यायाचे आहे, कारण हा बदल दुर्लक्षित न करता त्यांनी मुद्दाम एकसंध स्फटिक घेऊन पुढचे प्रयोग केले.

पृष्ठभागावर मंद इलेक्ट्रॉन सोडून परतणारे तपासण्याच्या अशा प्रयोगासाठी अतिशय उच्च निर्वात लागतो. वातावरणीय दाबाच्या एक अब्जांश दाबातही, येऊन आदळणारा प्रत्येक रेणू चिकटला, तर साधारण सेकंदाभरात संपूर्ण पृष्ठभाग झाकला जातो. म्हणून दाब त्याच्याही हजारो पट खाली न्यावा लागतो. परतलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी ऊर्जा गमावलेले जाळ्या अडवतात आणि उरलेल्यांचे तरंग काही ठरावीक दिशांनाच एकमेकांना बळकटी देत असल्याने ते प्रतिदीप्त (इलेक्ट्रॉन आदळताच उजळणाऱ्या) पडद्यावर ठिपके उमटवतात. अणूंच्या रांगांमधील अंतर वाढले की ठिपके जवळ येतात.

सोन्याचा स्फटिक एका विशिष्ट दिशेने, ज्याला ११० म्हणतात, कापून स्वच्छ केला, तर अपेक्षित ठिपक्यांच्या मध्यावर जादा ठिपके दिसतात. म्हणजे एका दिशेतील अंतर दुप्पट झालेले असते. केवळ ठिपक्यांच्या जागांवरून अणू नेमके कोठे आहेत हे मात्र कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉनांची ऊर्जा बदलत प्रत्येक ठिपक्याची तेजस्विता मोजतात आणि वेगवेगळ्या रचना गृहीत धरून केलेल्या गणिताशी ताडून पाहतात. अशा अभ्यासातून सोन्याच्या या पृष्ठभागावर अणूंची एकाआड एक रांग गायब असते, असे निश्चित झाले. त्यामुळे दोन्ही बाजूंना जे उतार उघडे पडतात, त्यांवर अणू अधिक दाटीने रचलेले असतात आणि पृष्ठभागाची ऊर्जा कमी होते.