ईसीडब्ल्यू पॉल हेमननं काढली नव्हती

'ईसीडब्ल्यू ही पॉल हेमनची कंपनी, त्यानंच ती काढली,' हे रेसलिंगचे चाहते वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आलेत. ते चूक आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियातली, रेसलिंगचे शो करणारी ही छोटी कंपनी १९९२ मध्ये टॉड गॉर्डननं सुरू केली, स्वतःच्या खिशातले पैसे घालून. नावातलं 'सीडब्ल्यू' म्हणजे चॅम्पियनशिप रेसलिंग, पण तेव्हा 'ई' एक्स्ट्रीमचा नव्हता, ईस्टर्नचा होता. कोण जिंकणार, कथानक कुठे न्यायचं, हे ठरवायचं काम आधी एडी गिल्बर्टकडे होतं. हेमन त्या जागी आला तो सप्टेंबर १९९३ मध्ये.

गैरसमज कुठून आला तेही कळतं. २७ ऑगस्ट १९९४ ला ईसीडब्ल्यूचा रेसलर शेन डग्लस यानं एनडब्ल्यूए (नॅशनल रेसलिंग अलायन्स) या रेसलिंग कंपन्यांच्या जुन्या संघटनेचा जागतिक किताब जिंकला आणि तो मानाचा पट्टा भर रिंगणात खाली फेकून दिला. आजही ते दृश्य पाहताना अंगावर काटा येतो! लगेचच ईस्टर्नचं एक्स्ट्रीम झालं आणि लोकांच्या आठवणीत कंपनीचा जन्मच तिथे झाला. त्या बंडामागे हेमनबरोबर गॉर्डनही होता, हे मात्र गळून गेलं. मालकी हेमनकडे गेली ती नंतर. २००१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, तेव्हा मालक तोच होता.