इंजिन इशारादिवा

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीच्या रूपात पेटणारा पिवळा दिवा. रूढ नाव ‘चेक इंजिन लाइट’. ज्या बिघाडामुळे धुरातील प्रदूषके वाढण्याचा संभव असतो, तो इंजिनाच्या नियंत्रण-संगणकाला (ईसीयू) आढळला की हा दिवा लागतो. त्याला इंजिनाच्या एकंदर प्रकृतीचा दर्शक समजले जाते, ते बरोबर नाही. आजच्या स्वरूपातील हा दिवा प्रदूषण-नियंत्रणाच्या कायद्यातून आला आहे.

उगम : तेलाचा दाब व विद्युत् जनित्र यांसाठी काट्याच्या मापकांऐवजी दिवे बसवण्याची सुरुवात १९३०च्या दशकात अमेरिकेतील हडसन कंपनीने केली, असे सामान्यतः मानतात. संगणकाने स्वतः दोष शोधून दिवा लावण्याची पद्धत केव्हा सुरू झाली, याविषयी मात्र एकमत नाही. काही लेखक १९६०च्या दशकाअखेरीच्या, इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण (फ्युएल इंजेक्शन) असलेल्या फोक्सवॅगन गाड्यांपर्यंत मागे जातात. परंतु त्यांचा नियंत्रक अॅनालॉग होता. दोष नोंदवून ठेवणारी स्मृती त्यात नव्हती. म्हणून जनरल मोटर्सच्या गाड्यांत १९८०-८१च्या सुमारास आलेला ‘चेक इंजिन’ दिवा हाच आजच्या दिव्याचा पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या गाड्यांत निदान-जोडणीतील (दोष तपासण्यासाठी दिलेल्या जोडणीतील) दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडून इंजिन चालू न करता चावी फिरवली, की दिवा एकदा लुकलुके, थोडा थांबून दोनदा लुकलुके. हा १२ क्रमांकाचा संकेत. तो आला म्हणजे निदानयंत्रणा शाबूत. त्यापाठोपाठ साठवलेल्या दोषांचे संकेत याच रीतीने येत. गॅरेजमधल्या मिस्त्रीला वेगळे उपकरण लागत नसे.

कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलांपासून असा दिवा बंधनकारक केला. लॉस एंजेलिसच्या धुरक्याची त्यामागे पार्श्वभूमी होती. धुरातील ऑक्सिजन मोजणारा संवेदक किंवा धुरातील विषारी वायूंचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणारा उत्प्रेरक परिवर्तक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) निकामी झाला तरी गाडी पूर्वीसारखीच धावू शकते, चालकाला काही जाणवत नाही. म्हणून गाडीनेच ते सांगावे, हा विचार. १९९६पासून संपूर्ण अमेरिकेत ओबीडी-२ (ओबीडी म्हणजे ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, गाडीतील स्वयंनिदान-व्यवस्था) हे मानक व १६ पिनांची एकसारखी जोडणी आली. यूरोपीय संघात पेट्रोल गाड्यांसाठी ही व्यवस्था २००१च्या सुमारास लागू झाली. भारतात चारचाकींसाठी ओबीडीचा पहिला टप्पा २०१०पासून, दुसरा २०१३पासून; दुचाकींवर हा दिवा सार्वत्रिक झाला तो २०२०च्या बीएस-६ मानकांबरोबर.

कार्य : अमेरिकी नियमांनुसार बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत (इंजिन सुरू करून गाडी चालवून ते बंद करेपर्यंत एक फेरी) आढळले तरच दिवा लागतो आणि पुढच्या तीन निर्दोष फेऱ्यांनंतर आपोआप विझतो. विझला तरी संकेतांक स्मृतीत काही काळ राहतो. पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी, पी०४२० म्हणजे परिवर्तकाची कार्यक्षमता घटलेली. मात्र संकेतांक दोषाचे लक्षण सांगतो, खराब झालेला भाग नव्हे. पी०४२० दिसला म्हणून महागडा परिवर्तक लगेच बदलणे चुकीचे; सायलेन्सरच्या नळीची गळती किंवा संवेदकाचा दोषही त्यामागे असू शकतो.

दिवा लुकलुकू लागला तर गोष्ट वेगळी. त्याचा अर्थ, एखाद्या सिलिंडरमध्ये प्रज्वलन चुकत आहे (मिसफायर). क्रँकशाफ्टच्या वेगातील सूक्ष्म चढउतारांवरून संगणक हे ओळखतो. न जळलेले इंधन परिवर्तकात जाऊन पेटते आणि त्यातील जाळी वितळू शकते. अशा वेळी अॅक्सिलरेटर सोडून, शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी. स्थिर पिवळ्या दिव्याने, गाडी नीट चालत असल्यास, गॅरेजपर्यंत जाता येते.

लाल दिवे : यांचा प्रदूषणाशी संबंध नाही. तेलाच्या झारीचा दिवा दाब घटल्याचे दाखवतो. इंजिन तत्काळ बंद करावे. तापमापकाचा लाल दिवा लागला तर गाडी थांबवावी, पण रेडिएटरचे झाकण इंजिन थंड होईपर्यंत उघडू नये. बॅटरीचा दिवा बहुधा अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा बिघाड सांगतो. चावी फिरवताच हे सर्व दिवे क्षणभर लागतात, ती त्यांची तपासणी असते. त्या वेळी इंजिनाचा दिवा लागलाच नाही, तर दिवा किंवा त्याचे वायरिंग तपासून घ्यावे.