भूजल संभाव्यता नकाशा : नागपूर जिल्हा

उपग्रह प्रतिमा, भूशास्त्रीय नकाशे आणि उंचीची आकडेवारी जीआयएसमध्ये (नकाशांचे थर हाताळणाऱ्या संगणक प्रणालीत) एकमेकांवर ठेवून कोणत्या पट्ट्यात पाणी लागण्याची शक्यता किती, हे दाखवणारा नकाशा. उपग्रहाला जमिनीखालचे पाणी दिसत नाही. दिसतात त्या खुणा: उतार, नाले, हिरवळ, खडकातल्या भेगांच्या सरळ रेषा.

नागपूर जिल्ह्यात या खुणांचा अर्थ तालुक्यागणिक बदलतो. पश्चिमेला काटोल, नरखेड, कळमेश्वर, हिंगणा भागात दख्खनचा काळा पाषाण (लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट) आहे. तिथे पाणी मुरमात, सच्छिद्र थरात आणि भेगांत साठते. अखंड कातळ कोरडा असतो. पूर्वेला रामटेक, मौदा, कुही भागात नाइस, शिस्ट असे जुने स्फटिकी खडक, कामठीकडे गोंडवाना वालुकाश्म, तर कन्हान-पेंचकाठी गाळ. म्हणून सगळ्या जिल्ह्याला एकच गुणतक्ता (कोणत्या खुणेला पाण्याच्या दृष्टीने किती गुण, हे सांगणारा) लावू नये. खडकाच्या प्रकारानुसार भाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र गुण द्यावेत.

लिस-३ (२३.५ मीटर), लिस-४ (५.८ मीटर) या भारतीय उपग्रह-कॅमेऱ्यांच्या किंवा सेंटिनेल-२ (१० मीटर) या युरोपीय उपग्रहाच्या प्रतिमा वापरतात; कंसातला आकडा म्हणजे प्रतिमेतला एक ठिपका जमिनीवर किती मीटरचा, ते. सगळे थर यूटीएम ४४ उत्तर या नकाशा-प्रक्षेपणाच्या विभागात आणि एकाच पेशी-आकारात (ठिपक्याच्या आकारात) आणावे लागतात. ३० मीटरचे उंची-प्रारूप (जमिनीच्या उंचीचा अंकीय नकाशा) १० मीटरवर ताणले म्हणून उतार अधिक अचूक होत नाही. त्यावरून नाल्यांच्या रेषा आखण्यापूर्वी प्रारूपातले खोलगट भाग भरतात, तेव्हा रामटेककडचे मालगुजारी (जुन्या मालगुजारांनी बांधलेले) तलाव आणि उमरेडकडच्या खुल्या कोळसा खाणीही सपाट होऊन जातात. त्या आधीच वगळाव्यात.

भेगांच्या रेषा डिसेंबर-जानेवारीच्या प्रतिमेत चांगल्या उठतात, कारण सूर्य खाली असल्याने सावल्या लांब पडतात. मात्र त्यांत रस्ते, रेल्वेमार्ग आणि पेंच प्रकल्पाचे कालवेही मिसळतात. टोपोशीटवर (स्थलदर्शक नकाशावर) ताडून ते काढले नाहीत, तर कालव्यालगत उत्तम संभाव्यतेचा खोटा पट्टा तयार होतो.

सर्वाधिक फसगत संत्र्याच्या बागा करतात. काटोल-नरखेडमध्ये मे महिन्यात हिरवी दिसणारी बाग पाणी वर असल्याची खूण नसते. ती खोल बोअरवर तगलेली असू शकते. उलट मृग बहारासाठी (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी) ताण दिलेली, म्हणजे मुद्दाम पाणी तोडलेली बाग त्याच महिन्यात सुकलेली दिसते, विहिरीत पाणी असले तरी. आंबिया (हिवाळ्याअखेरच्या) बहाराचा ताण डिसेंबर-जानेवारीत पडतो, त्यामुळे हिवाळी प्रतिमाही निर्दोष नसते. बागायत क्षेत्रात हिरवळीच्या निर्देशांकाला (प्रतिमेवरून काढलेल्या हिरवेपणाच्या आकड्याला) गुणच देऊ नयेत, हे बरे.

थरांचे भारांक (कोणत्या थराला किती महत्त्व) बहुधा एएचपी पद्धतीने, म्हणजे दोन-दोन थरांची तुलना करून ठरतात. आठ थर असतील तर २८ जोड्यांची १ ते ९ या मापावर तुलना होते आणि सुसंगती गुणोत्तर ०.१० च्या आत असावे लागते. ते आत आले म्हणजे भारांक बरोबर, असे नाही. तुलना परस्परविरोधी नाहीत, एवढेच त्यातून कळते. भूरूपाच्या (टेकडी, पठार, मैदान अशा जमिनीच्या घडणीच्या) थरात उतार आधीच धरलेला असतो. उतार पुन्हा वेगळा घेतला की तीच गोष्ट दोनदा मोजली जाते. नाल्यांची घनता जास्त म्हणजे पाणी कमी मुरते, हा नियमही काळ्या पाषाणात दर वेळी टिकत नाही, कारण तिथे सरळ वाहणारा नाला पुष्कळदा भेगेवरूनच गेलेला असतो.

पडताळणीसाठी भारांक ठरवताना न वापरलेल्या विहिरी घ्याव्यात आणि खोली न पाहता त्यांचा उपसा पाहावा. निरीक्षण विहिरी (पातळी मोजण्यासाठी ठेवलेल्या) बोअर नसून खोदलेल्या साध्या विहिरी असतील, तर पडताळणी उथळ पाण्यापुरतीच होते; खोल बोअरबद्दल ती काही सांगत नाही. त्यातच कोरड्या गेलेल्या बोअरची नोंद क्वचितच राहते, त्यामुळे नकाशाची अचूकता आहे त्यापेक्षा जास्त दिसते. अशा बोअर गावात विचारून जमवणे कष्टाचे असले तरी टाळू नये.

१:५०,००० प्रमाणावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. एक हेक्टरचे चौकोनी शेत नकाशावर जेमतेम २ मिलिमीटर भरते. बोअरची जागा या नकाशावरून ठरवता येत नाही. ती विद्युत रोधकता सर्वेक्षणाने (जमिनीत वीज सोडून तिला किती रोध होतो ते मोजून) ठरवावी. त्यात भेगाळलेला ओला पाषाण कमी रोध दाखवतो आणि अखंड कातळ जास्त. पण दोन लाव्हाथरांमधली लाल चिकण मातीही कमीच रोध दाखवते, म्हणून शेजारच्या विहिरीत उतरून थर पाहिल्याशिवाय त्या आकड्यांवर बोअर घेऊ नये.