किलिमांजारो आणि सेरेंगेटी एका सहलीत कसे आले

टांझानियाच्या उत्तर भागात जाणाऱ्यांचा कार्यक्रम आता ठरून गेल्यासारखा असतो. माचामे किंवा लेमोशो वाटेने किलिमांजारोवर सहा ते आठ दिवस, मोशी किंवा अरुशात एक दिवस विश्रांती, मग जीपने तारांगिरे, सेरेंगेटी आणि गोरोंगोरो, चार-पाच रात्री तंबूत. पर्वत आणि अभयारण्यं एका दिवसाच्या गाडीप्रवासाच्या अंतरावर असल्याने ही जोडी कुणीही जमवली असती असं वाटतं. पण अंतर पूर्वीही तेवढंच होतं आणि दोन्ही धंदे कित्येक वर्षं वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या गिऱ्हाइकांसाठी चालत होते. ते एकत्र येण्यामागे निसर्गप्रेमापेक्षा एका सीमेचं भांडण जास्त आहे.

जुना इतिहास थोडक्यात. विषुववृत्ताजवळच्या डोंगरावर बर्फ आहे ही १८४८ मध्ये एका जर्मन मिशनऱ्याने दिलेली बातमी युरोपातल्या जाणकारांनी थट्टेवारी नेली. ऑक्टोबर १८८९ मध्ये एक जर्मन भूगोलतज्ज्ञ आणि एक ऑस्ट्रियन गिर्यारोहक शिखरावर पोचले. भूगोलतज्ज्ञाचा दोन वर्षांपूर्वीचा प्रयत्न फसला होता. या वेळी वाटेत टप्प्याटप्प्याने तळ ठेवून हमालांकरवी खालून ताजा शिधा वर येत राहील अशी व्यवस्था केली होती. त्यामुळे एक चढाई फसली तरी खाली न उतरता पुन्हा प्रयत्न करता आला. आजच्या तंबूवाटांची रचना मुळात तीच आहे: वर राहायचं आणि सामान पोचवणारी माणसं खाली-वर करायची.

त्या काळच्या भाषेत ही मोहीमसुद्धा ‘सफारी’च होती. स्वाहिलीत सफारी म्हणजे कुठलाही प्रवास, मग तो बसने मावशीकडे जाण्याचा का असेना. मूळ अरबी ‘सफर’. आपल्याकडे तोच शब्द फारसीतून आला. स्वाहिलीतला ‘म्सफिरी’ आणि मराठीतला ‘मुसाफिर’ चुलतभाऊच. ओझी वाहणाऱ्यासाठी स्वाहिलीत इतर शब्दांबरोबर ‘हमाली’ हाही आहे. सफारी म्हणजे जनावरं बघणं हा अर्थ शिकारी मोहिमांमुळे बाहेरच्यांनी चिकटवला आणि चढाईला वेगळं नाव पडलं.

इंग्रजांच्या अमलात ही फूट पक्की झाली. डोंगराचा धंदा मोशी आणि मारांगु गावाचा होता. तिथल्या चाग्गा जमातीचे वाटाडे आणि हमाल, मारांगुतली हॉटेलं, वाटेवरच्या झोपड्या, आणि एकच रुळलेली वाट. जनावरांचा धंदा मात्र शेजारच्या केनियातल्या नैरोबीतून चाले. सेरेंगेटी १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. १९५९ मध्ये त्यातून गोरोंगोरो वेगळं काढलं, आणि मसाईंना सेरेंगेटीतून हलवून तिथे गुरांसह राहू दिलं. तेव्हा दिलेल्या शब्दाचं काय झालं हा वाद आजही पेटलेला आहे आणि त्याला स्वतंत्र लेख लागेल. प्रवाशाच्या खिशाशी मात्र त्याचा थेट संबंध येतो, तो पुढे.

साठच्या दशकात बाहेरून येणारा पर्यटक नैरोबीत उतरे. नैरोबीची गाडी, नैरोबीचा चालक, पेट्रोल आणि डबाबंद खाणंही तिकडचंच. सेरेंगेटीला लागून असलेल्या केनियातल्या मसाई मारा अभयारण्यातून थेट सेरेंगेटीत शिरायचं, गोरोंगोरो बघायचं, नामांगाच्या सीमानाक्यावरून परत. टांझानियाच्या वाट्याला मुख्यतः उद्यानांची प्रवेश-फी आणि थोड्या रात्रींचं भाडं येई. जनावरं आमची आणि पैसा त्यांचा, ही तक्रार दारेसलाममध्ये अनेक वर्षं धुमसत होती. १९७१ मध्ये मोशी आणि अरुशाच्या मध्ये किलिमांजारो विमानतळ सुरू झाला तो याच हिशेबाने: प्रवासी थेट इथे उतरावा. तरी सवय मोडली नाही.

फेब्रुवारी १९७७ मध्ये पूर्व आफ्रिकी देशांचा संघ मोडत असताना टांझानियाने केनियाची सीमा बंद केली. टांझानियाच्या बाजूला सापडलेल्या केनियन गाड्या आणि छोटी विमानं अडकून पडली. हा निर्णय आततायी होता असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे कारणं आहेत. पर्यटकांची संख्या कोसळली, लॉज ओस पडले, सुट्या भागांअभावी गाड्या उभ्या राहिल्या. उद्यानांकडे गस्तीला पैसा उरला नाही आणि त्या काळात चोरट्या शिकारीने सेरेंगेटीतले गेंडे जवळजवळ संपवले. पण दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. सीमा उघडी राहिली असती तर अरुशा हे नैरोबीच्या फेरीतलं जेवणाचं ठिकाणच राहिलं असतं. बंदीमुळे गाड्या, चालक, आचारी, तंबू हे सगळं अरुशात उभं करणं भाग पडलं, आणि तिथे माणूस आणायचा तर नैरोबीकडे नाही अशी एखादी गोष्ट दाखवावी लागली. ती गोष्ट म्हणजे किलिमांजारो. केनियातून तो छान दिसतो, पण शिखर पूर्ण टांझानियात आहे. पर्वताला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९७३ मध्येच मिळाला होता, लोकांसाठी ते खुलं झालं १९७७ मध्ये. सीमाबंदीचंच वर्ष. हा योगायोग असेलही, पण धंद्याने त्याचा पुरेपूर उपयोग केला. सहा दिवस चढाईला आलेला माणूस दमूनभागून खाली उतरतो तेव्हा नैरोबीला जाऊन नवी सहल ठरवत बसत नाही. दारात उभ्या असलेल्या जीपमध्ये बसतो.

सीमा १९८३ मध्ये उघडली, पण पूर्ण नाही. मारा आणि सेरेंगेटीमधलं बोलोगोंजा-सँड रिव्हर हे नाकं साध्या पर्यटकांना आजही बंद आहे. नदीपलीकडची जनावरं दिसतात, पण गाडीने जायचं तर पश्चिमेला इसेबानियाचा किंवा पूर्वेला नामांगाचा वळसा घ्यावा लागतो आणि दिवस त्यात जातो. कुणाच्या गाड्यांनी कुठपर्यंत प्रवासी न्यायचे याचा करार १९८५ मध्ये झाला. त्याच्या अर्थावरून डिसेंबर २०१४ मध्ये पुन्हा खटका उडाला आणि टांझानियाच्या गाड्यांना नैरोबीच्या विमानतळावर काही काळ बंदी झाली. किलिमांजारोबरोबर मसाई मारा जोडू पाहणाऱ्याचा हिशेब का बसत नाही, त्याचं उत्तर इथे आहे.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने धोरण सैल केलं आणि खासगी सहल कंपन्या निघाल्या. लॉज बांधायला भांडवल नव्हतं, तंबू होते. मारांगु सोडून इतर वाटांवर झोपड्या नसल्याने तिथेही तंबू लागत. म्हणून दोन्हीकडे ‘कॅम्पिंग’ हा शब्द रुजला, पण अर्थ एक नाही. डोंगरावर तंबू माणसाच्या पाठीवर येतो: बुटका आणि वाऱ्याला टिकणारा. मैदानात तो गाडीच्या टपावर येतो, म्हणून उंच आणि हवेशीर. सेरेंगेटीत डोंगरी तंबू दुपारी भट्टी होतो, आणि मैदानी तंबू किलिमांजारोच्या बराफू तळावर ४,६०० मीटरच्या पुढे रात्रीच्या वाऱ्यात उभा राहत नाही. त्यात आणखी एक फसवा शब्द आहे. मैदानातल्या ‘पब्लिक’ तळावर संडास, थंड पाण्याची न्हाणी आणि जाळीबंद स्वयंपाकघर असतं. जास्त भाडं घेणाऱ्या ‘स्पेशल’ तळावर बहुधा काहीच नसतं, पाणीसुद्धा बरोबर न्यावं लागतं. जादा पैसे एकांताचे असतात. दोन्हीकडे कुंपण नसतं. अन्न आणि बूट तंबूबाहेर ठेवायचे नाहीत: अन्नाच्या वासाला जनावरं येतात आणि बूट तरस पळवतं. गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवराच्या कडेवरचा तळ साधारण २,३०० मीटरवर आहे. तिथली थंडी लोकांना अनपेक्षित असते, म्हणून डोंगरावरची स्लीपिंग बॅग मोशीत ठेवून येऊ नये.

नव्वदच्या दशकापासून सहलीचा आकार ठरवला तो शुल्काच्या रचनेने. किलिमांजारोवर दर दिवसाचं संवर्धन शुल्क, दर रात्रीचं तळाचं शुल्क आणि एकदाच भरायची बचावाची रक्कम, असे तीन भाग आहेत. पहिले दोन बरीच वर्षं ७० आणि ५० डॉलरच्या आसपास राहिले, आणि जुलै २०१६ मध्ये पर्यटनसेवांवर १८ टक्के मूल्यवर्धित कर आला. एक दिवस वाचवला की शंभराहून जास्त डॉलर वाचतात, म्हणून स्वस्त जोडसहलीत कात्री पर्वताच्या दिवसांवर चालते. पाच दिवसांच्या मारांगुवर तिसऱ्या रात्री माणूस ४,७०० मीटरवर झोपतो आणि मध्यरात्री ५,८९५ मीटरकडे निघतो. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला हा वेळ पुरत नाही. डोकेदुखी, उलट्या, शिखराआधी परत. मग वाचवलेल्या पैशांची सफारी कण्हत होते. सेरेंगेटीचा परवाना २४ तासांचा असतो. नाबी टेकडीच्या फाटकावर दुपारी दोनला शिरलात तर दुसऱ्या दिवशी दोनच्या आत बाहेर पडायचं, नाहीतर पुढच्या दिवसाचे पैसे. अरुशाहून तिथे जाणारा नेहमीचा रस्ता गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रातून जातो, आणि १९५९ मध्ये ते वेगळं निघाल्यामुळे नुसतं ओलांडायलाही शुल्क लागतं, जाताना आणि येताना.

पर्वत आधी की रान आधी, यावर सुरुवातीला एकवाक्यता नव्हती. रान आधी घेतल्याने हवेची सवय होते हा युक्तिवाद कच्चा आहे. सेरेंगेटीचा बहुतेक भाग १,२०० ते १,८०० मीटरवर आहे आणि कडेवरच्या एक-दोन रात्रींनी फार फरक पडत नाही. सवयच हवी तर अरुशाजवळचा ४,५६६ मीटरचा मेरू पर्वत आधी चढावा. तिथे रानरेड्यांमुळे बंदूकधारी रक्षक बरोबर असतो, म्हणजे चढाई आणि जनावरं एकाच वाटेवर. पर्वत आधी ठेवण्याचं मोठं कारण मलेरिया आहे. डास चावल्यापासून ताप यायला निदान सात दिवस लागतात. रानात आधी पाच दिवस काढले तर ताप नेमका शिखराच्या आसपास उठतो आणि डोकेदुखी, मळमळ, गळाठा ही लक्षणं विरळ हवेच्या त्रासासारखीच दिसतात. ४,००० मीटरवर कोणी रक्त तपासत नाही. शिवाय मलेरिया टाळायला डॉक्सिसायक्लिन हे औषध घेणाऱ्याची कातडी उन्हाने लवकर भाजते, आणि बर्फाजवळच्या उन्हात ते महागात पडतं.

पोर्टरच्या पाठीवर २० किलोंपेक्षा जास्त ओझं द्यायचं नाही हा नियम फाटकावर वजनकाटा लावून पाळला जातो. प्रवाशाची बॅग १५ किलोंच्या आत आणि कापडी हवी हा दंडक त्यातूनच आला, आणि सेरेंगेटीला जाणाऱ्या छोट्या विमानांनाही तोच सोयीचा आहे. वजन कमी दाखवण्यासाठी फाटकाआधी सामान वेगळं काढून पुढे पुन्हा लादण्याची लबाडी जुनी आहे, तेव्हा वाटेतही नजर असावी. जून २०१९ पासून देशात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. कपडे पिशव्यांत बांधून आणणाऱ्यांनी विमानतळाआधीच सोय बदलावी.

महिने जुळवायचे तर जानेवारी-फेब्रुवारी. तेव्हा डोंगर बहुधा कोरडा असतो आणि सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्दुतुच्या गवतात वाइल्डबीस्टची वासरं जन्मत असतात. जुलै ते सप्टेंबरमध्येही डोंगर चांगला असतो, पण कळप तेव्हा उत्तरेला मारा नदीकडे असतात, म्हणून सफारीला निदान दोन दिवस जास्त लागतात.

२०१९ मध्ये सरकारने पर्वतावर केबल कार नेण्याचा विचार जाहीर केला. पायी चढू न शकणाऱ्यांची सोय होईल आणि संख्या वाढेल, हा त्यामागचा मुद्दा. पोर्टर आणि वाटाड्यांनी विरोध केला. सहा दिवसांच्या एका चढाईत प्रवाशामागे तीन-चार माणसांना काम मिळतं, केबल कारमध्ये ते उरणार नाही. सफारीवाल्यांपैकी काहींना मात्र योजना आवडली: पर्वत एका दिवसात उरकला की राहिलेले पाच दिवस जीपचे.