एन्झाइम स्क्रीनिंगसाठी सॅम्पल पाठवताय? आधी हे वाचा

“सॅम्पल पोचलं ना, मग प्लेट अजून का लावली नाही?” ही विचारणा आमच्या लॅबकडे इतक्यांदा होते की उत्तर छापूनच ठेवलं आहे. (प्लेट म्हणजे अनेक एन्झाइम एकाच वेळी तपासायची खळग्यांची ताटली.)

कारण बहुतेक वेळा एकच: सोबत रेसेमेट, म्हणजे उत्पादनाच्या आर आणि एस या दोन आरसा-प्रतिमा रूपांचं निम्मं-निम्मं मिश्रण, आलेलं नसतं. पाकिटात किटोन (ज्याचं अल्कोहोल करायचं तो सुरुवातीचा पदार्थ) असतं, फार तर हव्या त्या एस अल्कोहोलची शुद्ध कुपी. ती चायरल कॉलमवर (आर आणि एस वेगळे करणाऱ्या नळीवर) सोडली की आलेखावर एक देखणा पीक (टोक) येतो. पण आर त्याच्याच पोटात दडतो की वेगळा बाहेर पडतो, हे एकट्या एसवरून कळायला मार्ग नाही. तो दडत असेल आणि अशा मेथडवर ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट मोजली तर चांगली-वाईट सगळीच एन्झाइम ९९ टक्के ईई (एका रूपाचं दुसऱ्यावरचं आधिक्य) दाखवतात. पितळ उघडं पडतं ते पुढे, ग्रॅमच्या बॅचमध्ये.

म्हणून तीन कुप्या लागतात: सुरुवातीचा पदार्थ, रेसेमिक उत्पादन आणि आर की एस हे नक्की माहीत असलेला एक एनँशिओमर (दोनपैकी एकच रूप). पहिली उगाच मागत नाही. अ‍ॅरिल किटोन यूव्हीत अल्कोहोलपेक्षा कितीतरी ठळक दिसतं. उरलेलं एखादा टक्का किटोन एका अल्कोहोलच्या पीकखाली आलं की ईई खोटा. तिसरीशिवाय कुठला पीक कोणाचा ते सांगता येत नाही, आणि कॉलम बदलला की क्रम उलटूही शकतो.

रेसेमिक अल्कोहोल करणं अवघड नाही. किटोन मिथेनॉलमध्ये, बर्फावर, सोडियम बोरोहायड्राइडने क्षपण करा. रेणूत आधीच चायरल केंद्र (आर-एस रूप ठरवणारा अणू) असेल तर प्रमाण ५०:५० येणार नाही. चालेल, दोन्ही पीक दिसले की झालं. सवड नसेल तर आम्ही करून देतो, वेगळे पैसे लावत नाही. फक्त सुरुवातीलाच कळवा.

काहींना वाटतं आम्ही वेळ काढतोय. पण दोन पीक बेसलाइनपर्यंत (पूर्ण वेगळे) सुटल्याशिवाय एन्झाइम फ्रीजरबाहेर काढायचं नाही, हा नियम आम्ही घाईच्या कामातही मोडत नाही.

लायपेजने एस्टर फोडणार असाल तर कायनेटिक रेझोल्युशनमध्ये (एन्झाइम दोनपैकी एकाच रूपावर भराभर चालतं, दुसरं तसंच उरतं) उतारा ५० टक्क्यांवर जात नाही, हे धरून चला. रूपांतरण १० टक्के असताना उत्पादनाचा ईई छानच दिसतो, म्हणून रिपोर्टमध्ये रूपांतरण आणि ई-मूल्यही (एन्झाइम दोन रूपांत किती निवड करतं त्याचा आकडा) देतो. निम्मा माल परवडत नसेल तर किटोरिडक्टेज (किटोनचं अल्कोहोल करणारं एन्झाइम) किंवा ट्रान्सअमिनेजचा (किटोनचं अमाइन करणारं) संच मागा.

आणि प्लेटवर काहीच लागलं नाही तर? सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या औषधाच्या किटोनवर सुरुवातीचं ट्रान्सअमिनेज ढिम्म होतं. मर्क (औषध कंपनी) आणि कोडेक्सिस (एन्झाइम कंपनी) यांच्या २०१० च्या कामात रेणूची एक बाजू छाटून पाहिली तेव्हा थोडी हालचाल दिसली, आणि तिथून एन्झाइम बदलत नेऊन ९९.९५ टक्क्यांहून जास्त ईई गाठला गेला. तुमचा रेणू कुठे छाटून पाहता येईल, ते नकाराच्या रिपोर्टमध्येही आम्ही लिहून देतो.