माळढोक पक्षी अभयारण्य (नान्नज)

सोलापूर–बार्शी रस्त्यावर, सोलापूर शहरापासून सुमारे २० कि.मी. अंतरावरील नान्नज गावाच्या नावाने ओळखले जाणारे गवताळ माळांचे संरक्षित क्षेत्र. सोलापूर व अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत पसरलेले हे अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र तब्बल ८,४९६ चौ. कि.मी. होते. त्यात वनजमीन थोडी आणि गावे, शेते, रस्तेच फार. जमिनीचे व्यवहार आणि विकासकामे परवानग्यांत अडकली. माळढोकाबद्दल लोकांच्या मनात अढी बसली ती यामुळे. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने फेररचना होऊन हे क्षेत्र १,२२२ चौ. कि.मी.वर आले.

आकड्यांच्या या वादात पक्ष्याची गरज मागे पडली. माळढोक उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाने, बहुधा वर्षाला एकच अंडे घालतो. विणीच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्यात, मेंढरांचा कळप किंवा भटकी कुत्री त्या माळावर शिरली की वर्ष वाया जाते. एरवी मात्र तो काढणी झालेल्या रानात, पडीक जमिनीत नाकतोडे टिपत फिरतो. म्हणजे कुरण आणि कोरडवाहू शेत ही दोन्ही त्याची घरे आहेत. सरकारच्या अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून राखलेल्या कुरणांत पवन्या, मारवेल ही गवते पुन्हा उभी राहिली आणि पक्षी तेव्हा टिकला. चराई पूर्ण बंद केल्यावर गवत दाट माजते, तेही त्याला मानवत नाही. माळाला ओसाड समजून लावलेल्या गिरिपुष्पासारख्या झाडांनी तर त्याची मोकळी नजरच अडवली.

आजूबाजूचे शेतही बदलले. पाणी आले तिथे ज्वारीच्या जागी ऊस आणि द्राक्षबागा आल्या. सोनाका हे द्राक्ष नान्नजचेच. ‘सोलापूर, नान्नज, काळे’ (हा वाण काढणारे शेतकरी) यांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. त्या शेतकऱ्याच्या कष्टाला दोष देता येत नाही, पण मांडवाच्या तारांखाली माळढोक राहू शकत नाही. विजेच्या तारा त्याहून घातक: वजनदार माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही आणि ऐनवेळी वळता येत नाही.

म्हणून येथे अभयारण्य वाढवायचे तर हद्द नव्हे, गवत वाढवावे लागेल. गायराने व वनविभागाचे तुकडे एकमेकांना जोडणे, विणीपुरती चराई थांबवून नंतर कापणीचे गवत गावाला देणे, शेजारच्या कोरडवाहू ज्वारी-तुरीला मोबदला देणे, हे त्याचे मार्ग. काळवीट, लांडगा, खोकड हेही याच माळावर जगतात. माळढोक मात्र आता नान्नजला क्वचितच दिसतो.